गणवेष उतरल्यानंतरची सलामी

अमेरिकेंत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं रणांत पडलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात. त्या दिवशीं लहानमोठ्या गांवांतून मिरवणुका निघतात, थडग्यांवर फुलें वाहिलीं जातात, आणि रस्त्यावरून राष्ट्रध्वज पुढें येऊं लागला कीं दुतर्फा उभे असलेले लोक उजवा हात छातीवर ठेवून स्तब्ध राहतात. या गर्दींत एखादा वृद्ध गृहस्थ असतो. अंगावर साधा कोट, हातांत काठी. शेजारच्या दुकानदाराहून किंवा शाळामास्तराहून त्याला निराळा ओळखावा असें त्याच्यापाशीं कांहींच नसतें. परंतु तारुण्याचीं कांहीं वर्षें त्यानें पलटणींत काढलेलीं असतात, आणि ध्वज समोर आला कीं त्याचा हात छातीकडे न जातां कपाळाकडे जाऊं पाहतो. इ. स. २००८ पर्यंत त्याच्या देशाच्या कायद्याचें त्यास सांगणें असें होतें कीं, अंगावर गणवेष नाहीं तेव्हां इतर नागरिकांप्रमाणें हात छातीवर ठेवावा. त्या वर्षीं कायद्यानें आपलें म्हणणें बदललें.

हात छातीवर ठेवावा कीं कपाळास लावावा हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु शिष्टाचाराच्या क्षुल्लक दिसणाऱ्या नियमांतच पुष्कळदां समाजाचीं मोठीं मतें दडलेलीं असतात. सलामीचा हा मान कोणाचा? गणवेषाचा, कीं तो गणवेष एके काळीं ज्यानें धारण केला त्या माणसाचा? आणि जेथें सर्व नागरिक समान मानले जातात तेथें वंदनाच्या दोन तऱ्हा असणें कितपत योग्य? या प्रश्नांचीं उत्तरें अमेरिकनांनीं एका दिवसांत दिलीं नाहींत. तीं शंभर सव्वाशें वर्षांत हळूहळू बनत गेलीं. तो इतिहास थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम सलामीच्या उगमाविषयीं. चिलखत घातलेले सरदार परस्परांस तोंड दिसावें म्हणून शिरस्त्राणाची पुढची झडप हातानें वर करीत, आणि तीच पुढें सलामी झाली, अशी एक कथा सर्वत्र सांगतात. कथा सुंदर आहे. आधार मात्र तिला फारसा नाहीं. अधिक संभवनीय उपपत्ति साधी आहे. युरोपांत श्रेष्ठापुढें टोपी काढणें हा शिष्टाचार होता व सैनिकही तोच पाळीत. पुढें सैनिकांच्या टोप्या उंच आणि अवजड झाल्या. वारंवार काढघाल केल्यानें त्या मळत आणि बिघडत. तेव्हां इंग्लंडांतील कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणींत इ. स. १७४५ सालीं असा हुकूम निघाला कीं, अधिकाऱ्याजवळून जातांना शिपायानें टोपी काढूं नये, नुसता हात टोपीला लावून मान लववावी. टोपी काढण्याची क्रिया अशी अर्ध्यावर थांबली, आणि त्या अर्ध्या क्रियेसच कालांतरानें सलामीचें रूप आलें.

आपल्याकडील वाचकास ही मीमांसा थोडी चमत्कारिक वाटेल. कारण आपली जुनी रीत याच्या अगदीं उलट. दरबारांत किंवा वडील मंडळींसमोर बोडक्या डोक्यानें जाणें आपण अशिष्ट मानीत आलों, आणि पागोटें उतरणें हें सुतकाचें किंवा मानखंडनेचें लक्षण समजत आलों. परंतु पाश्चात्त्य रीत एकदां ध्यानांत घेतली म्हणजे पुढचा सर्व भाग उलगडतो. नागरिकाचें टोपी काढणें व शिपायाचें टोपीस हात लावणें हीं एकाच मुळाचीं दोन रोपें आहेत. दुसरें असें कीं, सलामीचें नातें टोपीशीं, टोपीचें गणवेषाशीं आणि गणवेषाचें पदाशीं. म्हणूनच ब्रिटिश सैन्यांत बोडक्या डोक्यानें सलामी देत नाहींत, आणि साध्या वेषांतील अधिकारी हात न उचलतां नागरिकासारखी टोपी काढतो. अमेरिकेच्या आरमारांतही डोक्यावर टोपी नसतां सलामी न देण्याचीच रूढि आहे. या दृष्टीनें पाहतां गणवेष उतरला कीं सलामीही उतरली, हा न्याय उघड दिसतो.

आतां अमेरिकेकडे वळूं. ज्या राष्ट्रास राजा नाहीं त्यास आपली निष्ठा वाहण्याकरितां दुसरें कांहीं मूर्त चिन्ह लागतें. अमेरिकेंत तें स्थान ध्वजानें घेतलें, आणि तेंही मुख्यतः १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर. त्या युद्धांतून परतलेल्या उत्तरेकडील सैनिकांनीं १८६६ सालीं इलिनॉय संस्थानांतील डिकेटर या गांवीं ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संस्था काढली. तिचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांच्या आज्ञेवरून ३० मे १८६८ रोजीं देशभर थडग्यांवर फुलें वाहण्यांत आलीं, आणि वर सांगितलेला स्मृतिदिन रूढ झाला. १८९० च्या सुमारास या संस्थेचे सभासद चार लाखांहून अधिक होते. शाळाशाळांवर ध्वज उभारला जावा म्हणून याच मंडळींनीं मोठी खटपट केली. समारंभास येतांना ते गडद निळा कोट, ठराविक टोपी व छातीवर ब्राँझचें पदक अशा थाटांत येत. त्यामुळें सरकारी गणवेष उतरला तरी संस्थेचा वेष अंगावर असे, आणि सलामी कोणीं द्यावी हा प्रश्न त्यांच्यापुरता उद्भवलाच नाहीं.

इ. स. १८९२ मध्यें कोलंबसच्या सफरीस चारशें वर्षें झालीं. त्या निमित्तानें बोस्टनच्या ‘यूथ्स कंपॅनियन’ या नियतकालिकानें शाळांतून ध्वजवंदनाचा कार्यक्रम योजला, व त्याकरितां फ्रान्सिस बेलामी या गृहस्थानें निष्ठेची एक लहानशी प्रतिज्ञा लिहिली. मूळच्या सूचनेंत असें होतें कीं, मुलांनीं आरंभीं लष्करी पद्धतीनें हात कपाळाशीं न्यावा, आणि ध्वजाचा उल्लेख येतांच तो तळवा वर करून ध्वजाकडे पसरावा. म्हणजे ज्या सलामीचा हक्क पुढें वृद्ध सैनिकास नाकारला गेला, ती एके काळीं प्रत्येक शाळकरी पोर देत असे! शिपायाचें वंदन आणि नागरिकाचें वंदन यांमधील कुंपण तेव्हां अजून पक्कें झालें नव्हतें.

तें पक्कें करण्याची गरज पहिल्या महायुद्धानंतर भासूं लागली. ध्वज घरोघरीं झाला होता, परंतु तो लावण्याचे व वंदिण्याचे प्रकार गांवोगांव निराळे होते. तेव्हां १४ जून १९२३ रोजीं वॉशिंग्टन येथें साठांहून अधिक संस्थांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तारीखही मुद्दाम निवडलेली होती. कारण १७७७ सालीं याच तारखेस अमेरिकेनें आपला ध्वज स्वीकारला होता. भूसेना व आरमार यांच्या रीतींच्या आधारें या परिषदेनें नागरिकांकरितां एक संहिता तयार केली. फ्रान्सिस स्कॉट की यांच्या १८१४ मधील गीतास काँग्रेसनें, म्हणजे तेथील विधिमंडळानें, ३ मार्च १९३१ रोजीं राष्ट्रगीत ठरविलें. शेवटीं २२ जून १९४२ रोजीं, दुसरें महायुद्ध पेटलेलें असतां, ध्वजसंहितेस कायद्याचें रूप मिळालें.

या कायद्यानें ध्वज चढतांना, उतरतांना अथवा मिरवणुकींत समोरून जातांना उपस्थितांचें वर्तन कसें असावें तें सांगितलें. गणवेषांत असतील त्यांनीं लष्करी सलामी द्यावी. इतर पुरुषांनीं उजव्या हातानें टोपी काढून ती डाव्या खांद्याशीं अशी धरावी कीं हात हृदयावर येईल. स्त्रियांनीं नुसता हात हृदयावर ठेवावा. परकीयांनीं स्तब्ध उभें राहावें. नियम पाळला नाहीं म्हणून नागरिकास शिक्षा मात्र कोठेंच नाहीं. कायद्याची सर्व भाषा ‘असें करावें’ अशी उपदेशाची आहे. ‘न केल्यास’ या शब्दांनीं सुरू होणारें वाक्य तींत नाहीं.

पण या संहितेच्या प्रतिज्ञेच्या कलमांत ध्वजाकडे हात पसरण्याची बेलामीच्या काळची रीत कायम राहिली होती. तिकडे जर्मनी व इटलींत हात पुढें ताठ करून नायकास वंदन करण्याची प्रथा सर्व जगानें पाहिली होती, आणि अमेरिकन शाळांतील मुलांचीं छायाचित्रें तिच्याशीं नको तितकीं मिळूं लागलीं. पालकांच्या व बालवीरांच्या संस्थांनींही या साम्यावर आक्षेप घेतले. म्हणून बरोबर सहा महिन्यांनीं, २२ डिसेंबर १९४२ रोजीं, काँग्रेसनें कायदा सुधारला आणि प्रतिज्ञेच्या वेळींही हात हृदयावर ठेवावा असें ठरविलें. एखादें वंदन निर्दोष असलें तरी दुसऱ्यांच्या हातीं तें कलंकित होऊं शकतें; मग तें टाकावें लागतें.

याच सुमारास दुसराही एक वाद निकालास आला. जेहोवाज विटनेसेस या पंथाचे लोक ईश्वराखेरीज कोणासही वंदन करीत नाहींत. त्यांच्या मुलांना ध्वजवंदनाची सक्ति करतां येते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४० मध्यें दिला होता. तीनच वर्षांनीं, १४ जून १९४३ रोजीं, म्हणजे पुनः ध्वजदिनींच, वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट खटल्यांत त्याच न्यायालयानें आपला निर्णय फिरविला. न्यायमूर्ति रॉबर्ट जॅक्सन यांनीं लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्राचा आशय असा कीं, मनांतील निष्ठा कोणत्याही अधिकाऱ्यास हुकमानें बाहेर काढतां येत नाहीं, व तसा यत्न करण्याचा अधिकारही त्यास नाहीं. लाखों तरुण त्याच ध्वजाखालीं लढत असतां हा निकाल दिला गेला, हें विसरतां कामा नये. सक्तीचें वंदन वंदनच नव्हे, हें तत्त्व युद्धाच्या ऐन धामधुमींत मान्य झालें. पुढें साध्या वेषांतील सैनिकास जी मोकळीक मिळाली तिचें मर्म या तत्त्वाच्या उजेडांतच नीट कळतें.

कायद्यास आतां दोनच प्रकारचे लोक ठाऊक होते: गणवेषांतील व गणवेषाबाहेरचे. सैन्यांतून परतलेला माणूस या दोहोंच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि उंबरठ्याविषयीं कायदा मौन होता. दुसऱ्या महायुद्धांत सुमारें १ कोटि ६० लाख अमेरिकनांनीं सैन्यांत सेवा केली. ते घरीं परतले तेव्हां ज्या रस्त्यावर ध्वज पाहावयास उभे राहिले तेथें डावीउजवीकडेही त्यांच्याचसारखे परतलेले लोक होते. जी गोष्ट घरोघरीं आहे ती खूण करून दाखविण्याचें कारण पडत नाहीं. त्यांतून ज्यांस हौस होती ते निवृत्त सैनिकांच्या संस्थांच्या टोप्या घालून समारंभास जात. आणि ती टोपी डोक्यावर असेल तरच सलामी द्यावी असा या संस्थांचा प्रघात होता. टोपी आणि सलामी यांचें १७४५ मधील नातें असें विसाव्या शतकांतही टिकून राहिलें.

पुढें परिस्थिति पालटली. व्हिएटनामच्या युद्धांत ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. आणि जे परतले त्यांतील पुष्कळांस आपल्याच देशांत गौरवाऐवजीं अबोला मिळाला. १९७३ मध्यें सक्तीची सैन्यभरती बंद झाली. त्यानंतर सैन्य हें स्वेच्छेनें जाणाऱ्यांचें झालें, आणि त्याबरोबरच तें थोड्यांचें झालें. ज्या घरांत तीन पिढ्यांत कोणीं बंदूक धरली नाहीं अशीं घरें वाढूं लागलीं. २००१ नंतर अफगाणिस्तान व इराक येथें दीर्घ युद्धें सुरू झालीं तीं या थोड्यांच्या बळावर. बहुसंख्य नागरिकांस युद्धाची झळ लागत नव्हती, आणि कदाचित् त्यामुळेंच लढून आलेल्यांविषयीं एक प्रकारची ओशाळवाणी कृतज्ञता त्यांच्या मनांत वाढत होती. पूर्वीं खुणेची गरज नव्हती, ती आतां उत्पन्न झाली, असें माझें अनुमान आहे.

ओक्लाहोमा संस्थानचे सेनेटर जेम्स इन्होफ हे स्वतः तरुणपणीं सैन्यांत होते. कायद्यांतील हें मौन दूर करावें म्हणून त्यांनीं सेनेटांत विधेयक आणलें, आणि अखेर लष्करी खर्चाच्या मोठ्या कायद्यांत हें लहानसें कलम समाविष्ट होऊन २८ जानेवारी २००८ रोजीं त्यावर अध्यक्ष जॉर्ज बुश यांची सही झाली. ध्वज चढतांना, उतरतांना वा समोरून जातांना, गणवेषांत नसलेल्या सैनिकांस व निवृत्त सैनिकांस लष्करी सलामी देतां येईल, असें ठरलें. गंमत अशी कीं, राष्ट्रगीताचें कलम निराळ्या ठिकाणीं असल्यामुळें तें तसेंच राहून गेलें! परिणामीं ध्वज चढतांना हात कपाळास लावावा आणि गीत सुरू झाल्यावर तो छातीवर आणावा, असा विचित्र प्रसंग जवळजवळ साडेआठ महिने राहिला. १४ ऑक्टोबर २००८ च्या दुसऱ्या कायद्यानें ती उणीव भरून निघाली, आणि २०१४ मध्यें प्रतिज्ञेच्या कलमांतही तशीच मोकळीक आली.

या सुधारणेवर दोन आक्षेप घेण्यासारखे आहेत. पहिला शिस्तीचा. आरमारांत असतां ज्यास बोडक्यानें सलामी देण्याची मनाई होती, त्यास निवृत्त झाल्यावर ती मोकळीक मिळावी हें विपरीत नव्हे काय? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ध्वजासमोर तरी सर्व नागरिक एकाच जातीचे असावेत. तेथें लढलेले व न लढलेले अशा दोन पंक्ति मांडल्या तर समतेस बाध येतो. आपणांस पंक्तिभेदाचा पुष्कळ कडू अनुभव असल्यानें या आक्षेपाचें वजन आपण तरी सहज ओळखूं.

पहिल्या आक्षेपास उत्तर असें कीं, सलामीचें मूळ टोपींत असलें तरी मूळ म्हणजे अर्थ नव्हे. दोनशें साठ वर्षांत टोपी गळून पडली आणि हात उरला. शब्दांप्रमाणें हावभावांचेही अर्थ असे पुढें सरकत जातात. अध्यक्ष रेगन यांनीं १९८१ पासून साध्या पोषाखांत सैनिकांच्या सलामीस सलामीनें उत्तर देण्याचा परिपाठ घातला, आणि पुढच्या अध्यक्षांनीं तो चालविला, हेंही याच प्रवाहाचें एक वळण होय.

दुसऱ्या आक्षेपास उत्तर कायद्याच्या शब्दयोजनेंत आहे. गणवेषांतील सैनिकांविषयीं तो ‘सलामी द्यावी’ असें म्हणतो. निवृत्तांविषयीं ‘देतां येईल’ इतकेंच. या दोन क्रियापदांत सगळा फरक आहे. पंक्तिभेद तेथें होतो जेथें एकास चांगलें ताट आणि दुसऱ्यास पत्रावळ मिळते. येथें सलामी देणाऱ्यास पुढची जागा मिळत नाहीं, वेतन वाढत नाहीं, कोणी त्याचा दाखला पाहात नाहीं. तो खरोखर सैन्यांत होता कीं नाहीं याची चौकशी करावयास रस्त्यावर शिपाई उभा नसतो; कायदा त्याच्या सचोटीवर विसंबतो. शिवाय पूर्वींच्या संहितेनें पुरुष व स्त्रिया यांस जे निरनिराळे प्रकार सांगितले होते, तो भेदही या मोकळिकींत नाहीं. नव्या कलमानें कोणासही मोठें केलें नाहीं. एका माणसाच्या हातास त्याची जुनी संवय परत दिली, एवढेंच.

आपल्या देशांत नियम निराळा आहे, आणि तो पुष्कळांस ठाऊक नसतो. २६ जानेवारी २००२ पासून अमलांत आलेल्या भारताच्या ध्वजसंहितेप्रमाणें ध्वज चढतांना वा संचलनांत समोरून जातांना गणवेषांतील व्यक्तींनीं सलामी द्यावी व इतरांनीं ध्वजाकडे तोंड करून सावधान उभें राहावें. साध्या वेषांतील माणसाचें निश्चल उभें राहणें हेंच त्याचें पूर्ण वंदन. २०१५ च्या प्रजासत्ताकदिनीं तेव्हांचे उपराष्ट्रपति हमीद अन्सारी सलामी न देतां सावधान उभे राहिले, म्हणून त्यांच्यावर केवढें काहूर उठलें! वस्तुतः मुख्य मानकरी व गणवेषधारी यांनीं सलामी द्यावयाची आणि इतरांनीं सावधान उभें राहावयाचें, हा संकेत त्यांच्या कार्यालयास लोकांना समजावून सांगावा लागला. उत्साहास नियमाचें ज्ञान नसलें म्हणजे नियम पाळणाराच अपराधी ठरतो. केरळांतील तीन भावंडें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहात, पण धर्मश्रद्धेमुळें गात नसत. त्यांस शाळेंतून काढण्यांत आलें, तेव्हां १९८६ मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत घ्यावयास लावलें, आणि त्या निकालांत अमेरिकेच्या बार्नेट खटल्याचाही परामर्श घेतला होता. सक्तीचें वंदन वंदन नव्हे, हा विचार असा समुद्र ओलांडून आपल्याकडेही आलेला आहे.

शेवटीं एक प्रसंग सांगून हें विवेचन पुरें करतों. २०१६ च्या उन्हाळ्यांत कॉलिन केपर्निक या कृष्णवर्णी फुटबॉलपटूनें, आपल्या लोकांवर होणाऱ्या अन्यायाचा निषेध म्हणून, सामन्यापूर्वीं राष्ट्रगीत चालू असतां बसून राहण्यास आरंभ केला. देशभर संताप उसळला. तेव्हां नेट बोयर नांवाचा एक माजी सैनिक त्यास भेटला. बसून राहण्यापेक्षां एक गुडघा टेकावा, असें त्यानें सुचविलें. कारण पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढें सैनिकही गुडघा टेकतात. १ सप्टेंबर रोजीं सॅन डिएगो येथें केपर्निकनें गुडघा टेकला, आणि त्याच्या शेजारीं बोयर साध्या कपड्यांत ताठ उभा राहिला.

लष्करी सलामी देण्याचा अधिकार कायद्यानें त्यास होता. त्यानें हात हृदयावर ठेवला. सलामी देणें जेव्हां ऐच्छिक असतें, तेव्हां न देणेंही बोलकें होतें. सभोंवार हजारों नागरिक उभे होते, पायाशीं एक विरोधक गुडघा टेकून होता, आणि त्या दोहोंच्या मध्यें उभ्या असलेल्या त्या सैनिकानें आपल्या वेगळेपणाची खूण त्या दिवशीं बाजूस ठेवून सर्वांची खूण पत्करली. १९४३ च्या न्यायालयानें सक्ति काढून टाकली नसती आणि २००८ च्या कायद्यानें मोकळीक दिली नसती, तर त्या हाताच्या जागेस कांहींच अर्थ उरला नसता.